नावडती काडतुसं

आश्विनातलं ऊन मला सोसत नाही. वयाचा दोष म्हणावा तर तरुणपणीही सोसत नव्हतं, निदान एकोणिसाव्या वर्षानंतर तरी नाही. पावसाने धुतलेल्या हवेतून ते थेट अंगावर येतं, अंगणातली फरशी तापते, पिकल्या गवताचा गोडसर वास सुटतो आणि घरोघरी दसऱ्याची आवराआवर निघते. गंगापूर रोडवरच्या आमच्या या घरात पितळेची भांडी आता मोजकीच उरली आहेत. समई, ताम्हण, एक जुनं घंगाळ. सून ती घासायला काढते तेव्हा वाटीत चिंच भिजत घालते. त्या चिंचेचा आंबूस वास स्वयंपाकघरातून बाहेर आला की मी काहीतरी निमित्त काढून गच्चीवर जाते. सुनेला वाटतं, सासूबाईंना काम टाळायचंय. वाटू दे.

परवा मुलगा म्हणाला, "आई, यंदा खंडेनवमीला सातपूरला चल. वर्कशॉपमध्ये नवं मशीन आलंय, तुझ्या हातची पूजा होऊ दे."

"माझ्या हातची नको," मी म्हणाले.

"का पण? तू कधीच येत नाहीस."

"गुडघे दुखतात."

गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण कारण ते नव्हे. शस्त्राची, हत्याराची, यंत्राची पूजा मी गेली चाळीस वर्षं केलेली नाही. माझ्या यजमानांना कारण ठाऊक होतं. ते जाऊनही सहा वर्षं झाली. मुलाला कधी सांगितलं नाही, कारण आपल्या आईबद्दल मुलांना थोडं कमी माहीत असलेलं बरं, असं मला वाटत आलं. आता तेही वाटेनासं झालं आहे.

एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. आमचे हे पेठला जंगलखात्यात रेंजर होते. नाशिक शहरात वाढलेली मी, लग्न होऊन दीड वर्ष झालेली, त्या डोंगरातल्या दोन खोल्यांच्या कौलारू क्वार्टरमध्ये संसार मांडून बसले होते. शेजार म्हणजे सागाची झाडं. भाद्रपद सरला की समोरच्या उतारावरची नागली तांबूस व्हायला लागे, खालच्या खाचरांतल्या भाताचा वास संध्याकाळी ओट्यापर्यंत येई. माळ्यावर बसून पिकं राखणारी माणसं डबे बडवत, मधूनच एखादी लांबलचक आरोळी देत, आणि दुसऱ्या टेकडीवरून तिला उत्तर येई. मला ते फार आवडायचं. त्या ऋतूइतकी सुखी मी आयुष्यात कधी नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

ह्यांच्याकडे एक रायफल होती. ह्यांचे वडील कुणा मोजणीसाहेबाच्या हाताखाली होते, त्याने विलायतेला जाताना ती त्यांना भेट दिली होती. एकनळी, जड, खालचा खटका ओढला की मागचा ठोकळा उतरायचा आणि तिथून एका वेळी एक काडतूस आत जायचं. काडतूस म्हणजे चांगलं बोटाएवढं लांब आणि अंगठ्याएवढं जाड, पितळेचं, पुढे कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी. आत जुन्या पद्धतीची काळी दारू. तोपर्यंत बिनधुराची दारू येऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि हौशी शिकारी असल्या काडतुसांना नुसती नाकं मुरडत. बार झाला की पांढऱ्या धुराचा एवढा लोट उठायचा की जनावर पडलं की पळालं हे बघायला बाजूला वाकावं लागे. खांद्याला असा हिसका बसायचा की ह्यांचा खांदा दोन दिवस काळानिळा असे. नासक्या अंड्यासारखा वास कपड्यांना लागायचा. आणि त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी ओतून ती धुतली नाही, तर सकाळपर्यंत आतून गंजायला सुरुवात. ते पाणी उकळायचं काम माझं. मीही त्या काडतुसांवर वैतागलेलीच असे.

ती नाशिकला एकाच ठिकाणी मिळत, भद्रकालीत उस्मानचाचांच्या दुकानात. चाचा बंदुका दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं, पण आत गेलं की तेलाचा, लाकडाचा, तापलेल्या लोखंडाचा वास भरून राहिलेला. त्या श्रावणात ह्यांच्याबरोबर मी तिथे गेले होते. देवळाली कॅम्पातला एक निवृत्त हवालदार स्टुलावर बसला होता. ह्यांनी काडतुसं मागितली तसा तो मोठ्याने हसला.

"रेंजरसाहेब, ही धूरगाडी अजून चालवता? बार काढला की धूर खाली बसेपर्यंत वाघ सुरगाण्याला जाऊन पोचतो!"

सगळे हसले. हेही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उस्मानचाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी मागच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत चुन्याचे खडे होते, आणि खड्यांमध्ये कापडात बांधलेली सात काडतुसं.

"हसा, हसा," ते म्हणाले. "बारा साल झाले, चुन्यात ठेवलीत. दमटपणा शिवला नाय. ह्यातला एक पण फुसका निघाला, तर उस्मानचं नाव बदला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटी, घर तुमच्या हातात. फक्त पाण्यापासून जपा. और कुछ नहीं."

मी मान हलवली. माझं लक्ष अर्धं समोरच्या बांगड्यांच्या दुकानाकडे होतं. पाण्यापासून जपा म्हणजे पावसापासून जपा, एवढं माझ्या डोक्यात शिरलं. ती सात काडतुसं मी पेठला नेऊन ह्यांच्या ट्रंकेत, लोकरी मफलरमध्ये गुंडाळून ठेवली, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

खंडेनवमीला हे फिरतीवर होते. पूजा मी एकटीनेच करायची होती. सासरी रायफलीची पूजा होते हे मी पहिल्या वर्षी पाहिलं होतं, पण तेव्हा काडतुसं कुलपात होती आणि किल्ली ह्यांच्याकडे. यंदा किल्ली माझ्याकडे. आदल्या दिवशी मी काडतुसं बाहेर काढली आणि मला लाज वाटली. पितळ मातकट झालेलं, बुडाशी ठोका बसून ठिणगी पडते ती जी छोटी गोल टोपी असते, तिच्याभोवती हिरवा कळंक चढलेला. कळकलेलं पितळ देवापुढे मांडायचं नाही, ही आमच्या आईची शिस्त. दसऱ्याला आमच्याकडे दाराच्या कड्यासुद्धा सोन्यासारख्या चमकत. मग मी काय केलं असेल? घरातली कुठलीही शहाणी मुलगी करील तेच केलं. वाटीत चिंच भिजत घातली, तिच्या पाण्यात काडतुसं अर्धा तास ठेवली, राख घेऊन काथ्याने एकेक घासून काढलं. उन्हात फडक्यावर वाळवली. अंग लखलखीत झालं, पण टोपीभोवतीच्या बारीक फटीतला हिरवा रंग काही निघेना. तेव्हा बशीत तिळाचं तेल ओतून त्यात ती टोपीकडून उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुसली तर कळंक साफ निघालेला. मग रायफलीपुढे पाटावर ओळीने मांडून प्रत्येकाच्या बुडाशी हळद-कुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल वाहिलं.

हे परत आले ते बघून हसत सुटले. "अगं, ही काडतुसं आहेत की नवरीचे दागिने?" त्यांनी एक हातात घेऊन त्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि मिशीवरून बोट फिरवलं. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कशाने चमकवली हे सांगण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नाही. त्यांचं ते कौतुक मी नंतर कितीतरी दिवस पुरवून पुरवून आठवत होते.

जंगलखात्याचा रखवालदार लक्ष्मण हा समोरच्या उंबरपाड्याचा. चाळिशीचा, काटक, आवाज न करता हसणारा. ह्यांना जंगल दाखवलं ते त्याने. त्याची बायको जानकी आमच्याकडे कधी मध, कधी रानभाजी घेऊन येई. ती त्याची दुसरी बायको, सुरगाण्याच्या बाजूची, पदरात दोन लहान मुलं. पाड्यातल्या बायका तिच्याशी बेताबेताने बोलत. पहिली बायको त्यांच्यातली होती, ही बाहेरची, एवढंच कारण. मला नागलीची भाकरी जमत नव्हती, थापली की तुटायची, तेव्हा जानकीने एकदा चुलीशी बसून शिकवलं. "बाई, पीठ आदी उकळत्या पाण्यात घ्या, मंग मळा. घाई नाय करायची." माझी पहिली धड भाकरी तिने अर्धी मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "जमली. आता साहेबाला कोरड्यास नसलं तरी चालंल."

त्या वर्षी त्या बाजूला एक बिबळ्या लागला होता. आधी बकऱ्या नेल्या, कुत्री नेली. दसऱ्यानंतर शेजारच्या पाड्यावरची सहा-सात वर्षांची पोर नेली. मग लांबच्या खाचरांत कापणीला कुणी जाईना. भात पिकून लवलं होतं, दाणे गळायला लागले होते, आणि माणसं पाड्यातच बसून होती.

अशात वाघबारस आली. दिवाळीच्या तोंडावर त्या डोंगरात वाघदेवाला त्याचा वाटा देतात. झाडाखाली शेंदूर लावलेली लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र. घरटी एक कोंबडी द्यायची आणि वर्षभर आमच्या वाटेला जाऊ नको म्हणून सांगायचं. जानकीची कोंबडी चार दिवस आधी कोल्ह्याने नेली होती. तिने नारळ दिला. त्या दिवशी त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्याच संध्याकाळी लक्ष्मण ह्यांच्याकडे आला. ओट्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "साहेब, वाटा दिला. देवाचा वाघ असतो तो वाटा घेऊन जातो. पोर नेतो तो देवाचा नाय. आता हाका करू."

हाका म्हणजे ढोल-डबे वाजवत माणसांनी जनावराला एका बाजूने हुसकायचं आणि बंदूकवाल्याने दुसऱ्या तोंडाशी उभं राहायचं. तो दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीच्या सकाळी करायचं ठरलं. दोन काडतुसं मीच ह्यांच्या खिशात घातली. बाकीची पिशवीत दिली. आमच्या ओट्यावरून ते खोरं दिसत नसलं तरी ऐकू यायचं. ढोल सुरू झाले, जवळ जवळ येत गेले, आणि मी कणीक मळता मळता हात थांबवून त्या बाराची वाट बघत राहिले. तो बार पेठच्या बाजारापर्यंत ऐकू जात असे, चुकायची शक्यताच नव्हती. ढोल थांबले. मी वाट बघत होते. बार झाला नाही. मग पुष्कळ माणसांच्या ओरडण्याचा एकच आवाज आला, आणि तो आनंदाचा नव्हता.

हे परत आले तेव्हा सदऱ्यावर रक्त होतं, त्यांचं नव्हे. काय झालं ते त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. करवंदीच्या जाळीतून बिबळ्या बाहेर आला तो वीस पावलांवर. ह्यांनी नेम धरून चाप ओढला. टक्. नुसतं टक्. त्या आवाजाने तो वळला आणि सरळ ह्यांच्याकडे बघू लागला. ह्यांनी खटका ओढून दुसरं काडतूस घातलं. पुन्हा टक्. तोवर तो झेपावला होता. बाजूला उभा असलेला लक्ष्मण कोयता घेऊन मध्ये शिरला. खांदा, दंड, मानेची एक बाजू. बिबळ्या त्याला टाकून झाडीत गेला तो गेलाच.

लक्ष्मणला बैलगाडीतून पेठला, तिथून मोटारीने नाशिकला दवाखान्यात नेलं. हे त्याच्याजवळ राहिले. जखमा पिकत गेल्या. सहाव्या दिवशी तो गेला. दिवाळीच्या त्या दिवसांत मी आमच्या क्वार्टरमध्ये एकही पणती लावली नाही आणि देवाला रोज सांगत होते की त्याला वाचव. तेव्हा मला माझा दोष माहीतही नव्हता. माझी शेवटची निर्मळ प्रार्थना तीच.

चौकशीला फार वेळ लागला नाही. पंचनाम्यात लिहिलं, काडतुसे फार जुनी व काळ्या दारूची, सबब निकामी. कारकुनाने मान डोलावली. देवळालीचा तो हवालदार म्हणाला म्हणे, मी आधीच सांगत होतो. जो येई तो त्या काडतुसांबद्दल दोन वाईट शब्द बोलून जाई. मीसुद्धा बोलले. त्या दारूचा वास, तो धूर, ते उकळतं पाणी, सगळा राग मी त्यात ओतला. पुढे पुष्कळदा मनात आलं, इतक्या लोकांनी मिळून एकाही काडतुसाला उलटून का पाहिलं नाही? ज्याच्याबद्दल आधीपासून कुणाचंच मत चांगलं नसतं, त्याच्यावर दोष ठेवताना कुणी चौकशी करत बसत नाही. मन तयार असतं, फक्त निमित्त हवं असतं.

उलटून पाहिलं ते उस्मानचाचांनी. कार्तिकात आम्ही नाशिकला गेलो तेव्हा ह्यांनी उरलेली पाच काडतुसं रागारागाने त्यांच्यापुढे ठेवली. चाचांनी चष्मा लावला. एक काडतूस पक्कडीत धरून गोळी पिळून काढली आणि कागदावर ते उपडं करून ठोकलं. खळखळत सुके दाणे पडायला हवे होते. पडला तो काजळासारखा चिकट गोळा. त्यांनी तो बोटावर घेतला, नाकाशी नेला.

"ये तो तिळाचं तेल हाय, टोपीच्या फटीतून आत गेलंय," ते म्हणाले. मग सुईने टोपीची कड खरवडली. सुईच्या टोकाला हळदीचं पिवळं लागलं. त्यांनी सुई उजेडाकडे धरली. "कारतूसला आंघोळ कोणी घातली?"

"मी," मी म्हणाले.

दुकानात आम्ही तिघंच होतो. हे माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं.

चाचा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पक्कड खाली ठेवून म्हणाले, "बेटी, काडतूस खराब नव्हतं. लोकांना पसंत नव्हतं, इतकंच. दोनों में फर्क है." मग ह्यांना म्हणाले, "साहेब, लोक बोलतात, उस्मानने सडका माल दिला. तुम्ही एक शब्द बोला, माल अच्छा होता म्हणून."

"बघू," हे म्हणाले.

 परत येताना मोटारीत, घाट सुरू झाला तेव्हा, हे खालच्या आवाजात म्हणाले, "हे इथंच संपलं. सांगून लक्ष्मण परत येणार आहे का? आणि तुला कुणी काही बोललेलं मला ऐकवणार नाही." मी मान हलवली. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. ते माझ्यावर एवढं प्रेम करतात, हाच विचार त्या घाटात माझ्या मनात होता. उस्मानचाचांसाठी तो एक शब्द कुणीच बोललं नाही.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. बिबळ्या पुन्हा त्या बाजूला दिसला नाही. जानकी आमच्याकडे यायची बंद झाली होती. निरोप पाठवले, ती आली नाही. पौषातल्या एका सकाळी ती मला नदीवर कपडे धुताना भेटली. मी जवळ गेले तशी ती दोन पावलं मागे सरली.

"नका येऊ बाई जवळ. माझी सावली बरी नाय."

"काय बोलतेस हे?"

"मी कोंबडीचा वाटा दिला नाय. नारळ दिला. मंग देवानं घरचा माणूसच घेतला." ती धोपटणं खाली ठेवून शांतपणे सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं. "पंच म्हंत्यात, वाटा घेतला अन् निघून गेला. खरंच हाय ना. तवापासून बिबळ्या दिसला का कुठं? माझी नागली खळ्यावर घेत नाय कुणी. मळणी झाली की घर सोडायचं मला. शेत दीर कसंल."

"आणि मुलं?"

"ती माझ्यासंगंच. त्यान्ला कोण ठेवंल?"

दोष तुझा नाही, माझा आहे. एवढं एक वाक्य होतं, आणि ते मला तिथे, त्या दगडावर उभं राहून बोलता आलं नाही. तिने तिचे कपडे पिळले, टोपलीत भरले आणि ती गेली. मी घरी आले. आठ दिवस मी भाकऱ्या थापल्या, झाडलोट केली, रोज ठरवलं की आज सांगायचं आणि रोज दिवस मावळू दिला. मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटत होती हे मी स्वतःलाही विचारलं नाही. लोक काय म्हणतील याची नव्हती. जानकी माझ्याकडे कशी बघेल याची होती.

नवव्या दिवशी ह्यांना म्हटलं, "मी उंबरपाड्याला जाते आहे. मळणी चालू आहे, सगळे एका जागी असतील."

ह्यांना लगेच कळलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला वाटलं, आता नको म्हणतील, आणि खरं सांगायचं तर मला थोडीशी आशाही होती. ते म्हणाले, "जा. मला जमलं नसतं."

खळ्यावर नागलीची मळणी चालली होती. सारवलेल्या गोल जागेत बैल फिरत होते, बायका वाऱ्यावर सुपं धरून उफणत होत्या, तांबूस कोंडा सगळ्यांच्या केसांवर बसला होता. मला बघून सगळे थांबले. रेंजरसाहेबांची बायको एकटी, चालत आली म्हणून कुणीतरी धावत जाऊन घोंगडी आणली. मी बसले नाही. जानकी आत नव्हती. खळ्याच्या कुंपणापलीकडे, दोन मुलांना घेऊन ती उभी होती, जिथवर तिला येऊ देत होते तिथवर.

मी सगळं सांगितलं. चिंच, राख, तेलाची बशी, हळद-कुंकू, चाचांनी फोडून दाखवलेलं काडतूस. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "लक्ष्मणभाऊ माझ्यामुळे गेले. जानकीच्या नारळामुळे नाही. तिला घरातून काढू नका."

  मग पाड्याचा कारभारी, पिकल्या केसांचा म्हातारा, पुढे आला. मी डोळे मिटून घेतले. तो शिव्या देईल, थुंकेल, काहीही करील, ते सोसायचं असं ठरवूनच मी आले होते.

"बाईसाहेब," तो अगदी मायेने म्हणाला, "तुमी लय वल्या मनाच्या. तुमी देवापुढं मांडून पूजा केली. तेल देवाला घातलं, हळद-कुंकू देवाला लावलं. पूजेनं माणूस मरतो का कुठं?"

"मरतो, बाबा. मी सांगते ना. तेलाने बार उडाला नाही."

"कारतूसच वाईट होतं ते. सगळ्यान्ला ठावं हाय. तुमी मनाला लावून घेऊ नका." एक बाई माझ्यासाठी तांब्या भरून पाणी घेऊन आली. दुसरीने स्वतःच्या पदराने माझे डोळे पुसले. "रडू नका बाई, तुमचा काय दोष," असं चारही बाजूंनी सगळे म्हणू लागले. कुणीतरी नव्या नागलीचं गाठोडं माझ्या हातात दिलं.

"आणि जानकी?" मी विचारलं.

म्हाताऱ्याने कुंपणाकडे पाहिलं नाही. "तिचं येगळं," तो म्हणाला, आणि बैलांना हाक देऊन त्याने मळणी सुरू केली.

मी पुन्हा बोलले, दोनदा, तीनदा, आवाज चढवून. ते आदराने ऐकत होते, मान हलवत होते, आणि काम करत होते. अखेर मी निघाले. आठवड्याभरात जानकी मुलांना घेऊन माहेरी, सुरगाण्याकडे निघून गेली, आणि नंतर तिची काही खबर मला मिळाली नाही. पण त्या दिवशी, पाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत, ती माझ्याबरोबर चालत आली. सावली माझ्यावर पडू नये म्हणून एका बाजूने, अंतर राखून. मी थांबले. ते गाठोडं तिच्या हातात देऊ लागले, तिने घेतलं नाही. मला वाटत होतं, ती आता मला विचारेल, एवढे दिवस का गप्प बसलात. मी त्याचं उत्तर मनात जुळवत होते. तिने ते विचारलं नाही. रागाने बघितलंही नाही.

"तुमचं लगीच माफ झालं, बाई," ती म्हणाली, आणि धाकट्याला कडेवर घेऊन मागे वळली.